आईच्या लग्नाला हरकत

चंदनसार, विरार पूर्व
९ जानेवारी

स्वप्ना,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते. पुढचं वाचून तुला राग येईल आणि मग ते राहून जातील.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहितेय. मोबाइलवर लिहायला गेलं की माझं बोट एकाच वेळी दोन अक्षरांवर पडतं. तेव्हा लिहीन, फोटो काढीन आणि व्हॉट्सॲपवर पाठवीन. निळ्या खुणा दिसल्या की समजेन, डब्लिनला पोचलं, वाचलंस. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. चालेल म्हणजे, चालवून घेईन.

काल मी आणि बर्नार्ड विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन लग्नाची नोटीस देऊन आलो. दिवाळीत तुला त्यांचं नाव सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "आई, मासेवाल्या ग्लोरियाचा भाऊ? तू शुद्धीवर आहेस का?" आणि फोन ठेवलास. मला पुढचं सांगताच आलं नाही, म्हणून आज सांगते. गेल्या पावसाळ्यात ग्लोरियाचा पाय मोडला होता. तिची टोपली घेऊन हे यायचे आपल्या सोसायटीच्या दाराशी. आयुष्यभर बोटीवर मासे पकडले, पण ते कापून द्यायचं काम कधी केलेलं नाही. पहिल्याच दिवशी सुरमईबरोबर स्वतःचा अंगठाही कापला. मी वरून पट्टी आणि हळद घेऊन आले. तेवढंच. पुढे ग्लोरियाचा पाय बरा झाला तरी हे येतच राहिले. त्यांची बायको आग्नेस जाऊन सहा वर्षं झाली. एक मुलगी आहे, जेनिफर, पाचूबंदरलाच त्यांच्या शेजारच्या घरात असते.

धर्म वेगळे, म्हणून नोटीस महिनाभर फलकावर लावतात. नावं, वयं, पत्ते, फोटो, सगळं. कोणाची हरकत असेल तर त्याने द्यायची. मी तिथल्या कारकुनाला विचारलं, "हे वाचतं का हो कोणी?" तो म्हणाला, "मावशी, ज्याला वाचायचं असतं तो वाचतोच."

तेव्हापासून तो फलक डोळ्यांपुढे आहे. सत्तावन्न वर्षांची बाई, कपाळावर टिकली, शेजारी बासष्ट वर्षांचा माणूस, आणि येणारा-जाणारा बघतोय. घरी येताना जिन्यात कोणी हसलं तरी वाटलं, फलक बघून आलेत.

सुमेधला सांगितलेलं नाही. त्याच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, ती एकदा होऊ देत. तूही सांगू नकोस.

तुझी आई


चंदनसार
२३ जानेवारी

स्वप्ना,

खुणा निळ्या झाल्या. बरं वाटलं.

सुमेधला कळलं. मुलीकडच्या कोणा काकांनी कामासाठी गेले असताना फलकाचा फोटो काढला आणि त्याला पाठवून विचारलं, "या तुमच्या मातोश्रीच ना?" तो ऑफिसातून आला, बूटसुद्धा काढले नाहीत. फोन माझ्यासमोर शिलाई मशिनवर ठेवला. मी ब्लाउजला हातशिलाई घालत होते.

"हे काय आहे?"

"नोटीस आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला. काय आहे हे?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही. तेव्हापासून घरूनच काम करतो. मी भाजीला निघाले की तोही चपला घालतो. "मलाही खाली जायचंच होतं," म्हणतो. फोन वाजला की मान वर करून बघतो. बर्नार्ड आता सोसायटीत येत नाहीत, मीच नको म्हटलं. माझं मनगट जरा सुजलंय. दाराचा कोपरा लागला. विशेष काही नाही.

परवा मी दूध ठेवलं आणि विसरले. दूध उतू जाऊन गॅस विझला, वास घरभर. सुमेध धावत आला, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. फक्त माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ठाऊक आहे. त्या दिवसानंतर वर्षभर तो माझ्याकडे तसाच बघायचा.

स्वप्ना, हे फक्त तुला सांगतेय. मला भीती वाटते की ते परत येतंय. सकाळी जाग आली की आधी मी स्वतःला तपासते, तुम्ही लहान असताना ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावायचे तशी. आज मन जड आहे का? उठावंसं वाटतंय का? भूक आहे का? मग वाटतं, इतकं तपासणं हेच त्याचं लक्षण तर नाही?

तू त्या वेळी आली होतीस. तू बघितलंस. तुला काय वाटतं, ते मला सांग. एवढं एकच विचारते.

आई


चंदनसार
६ फेब्रुवारी

स्वप्ना,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

आमच्या लग्नाला हरकत आली आहे. मला वाटलं होतं कुठल्या तरी संघटनेची पोरं येतील, नाहीतर मुलीकडचे ते काका. हरकतीखाली सही सुमेधची आहे. माझ्या मुलाची. लिहिलंय, "माझी आई आशालता आत्माराम कुडाळकर हिचे मानसिक स्वास्थ्य बरे नसून ती विवाहास संमती देण्यास सक्षम नाही." सोबत दवाखान्यातून सोडतानाच्या कागदाची प्रत. विवाह अधिकारी चौकशी करणार, सुमेधला आणि मला दोघांनाही बोलावलंय, अठरा तारखेला.

वकीलबाईंना विचारलं तर म्हणाल्या, बाकी कारणं टिकत नाहीत, धर्माबिर्माचं कोणी ऐकणार नाही. पण हे कारण कायद्यात आहे. हे सिद्ध झालं तर लग्न होत नाही.

सिद्ध झालं तर, स्वप्ना, फक्त लग्नच जाईल असं नाही. मग मी सरकारी कागदावर वेडी. उद्या बँकेत सही केली तरी कोणी म्हणेल, यांची सही धरायची का?

तो कागद त्याला कुठे मिळाला, तेच मला कळत नाही. मूळ प्रत मी स्वतः फाडून टाकली होती. तुझ्याकडे मोबाइलमध्ये फोटो होता ना? त्याने मागितला होता का?

बर्नार्डना यातलं काहीच माहीत नव्हतं. आता ते बाहेरून कळण्याआधी मी सांगायला हवं होतं. सुमेध एका मीटिंगमध्ये अडकला तेव्हा रिक्षा पकडून स्टेशन गाठलं आणि सरळ पाचूबंदरला गेले. वाळत घातलेल्या बोंबलांच्या परातींच्या, त्या बांबूच्या मांडवांच्या मागे बसून ते जाळं विणत होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं. तुझे बाबा गेले त्या वर्षी माझं खाणं सुटलं, बोलणं सुटलं, आठ-आठ दिवस केस विंचरत नव्हते. आणि मग तो दिवस. सुमेधने दार तोडलं म्हणून मी आज आहे. तीन आठवडे दवाखान्यात होते, दोन वर्षं गोळ्या घेतल्या. मग डॉक्टरांनीच त्या बंद केल्या.

त्यांचा हात जाळ्यावर थांबला. मला वाटलं, संपलं.

मग म्हणाले, "आग्नेस गेली तेव्हा मी सहा महिने बोट पान्यात घातली नाय. मना कोनी इस्पितळात नेलं नाय, एवढाच फरक." आणि थोड्या वेळाने, "पन बाय, खोटं नाय बोलत. भ्या वाटला मना आता ऐकून."

ते तसं म्हणाले याचंच मला बरं वाटलं. आत जेनिफर होती, तिने ऐकलं असणार. मी निघताना ती वडलांना हळूच विचारत होती, "पप्पा, झेपेल तुम्हाला?" तिचं काय चुकलं? मीही तेच विचारलं असतं.

आई


पाचूबंदर, वसई
१९ फेब्रुवारी

स्वप्ना,

मी ग्लोरियाच्या घरी आहे. काल चौकशी झाली. तिथून घरी गेले नाही.

काय झालं ते तुला कळायला हवं. विवाह अधिकारी तुझ्याच वयाच्या बाई आहेत. त्यांना सर्दी झाली होती, मधूनमधून रुमाल नाकाला लावत होत्या. एका बाजूला सुमेध, एका बाजूला मी, बर्नार्डना बाहेर बसवलं. सुमेधने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. लांबूनच मी ओळखलं. माझं अक्षर.

तुला लिहिलेलं पत्र, त्या फोटोवरून छापलेलं. तेवीस जानेवारीचं. एक ओळ पिवळ्या रंगाने रंगवलेली.

"हे अक्षर तुमचं?" मॅडमनी विचारलं.

"हो."

त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. मला भीती वाटते की ते परत येतंय. त्या खोलीत दोन कारकून होते, एक चहावाला कप गोळा करत होता. खाली बघितलं तर माझ्या हातांनी पदराचं टोक पिळून दोरी केली होती. सुटेचना.

"कोणाला लिहिलंय?"

"मुलीला."

मॅडमनी मग सगळं पत्र वाचलं, मनातल्या मनात, पहिल्यापासून. मनगटापाशी थांबून त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "हे खरंच दाराचा कोपरा लागून झालं होतं?" मी सुमेधकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. तुला ते खोटं लिहिलं होतं. मी बाहेर निघाले होते, त्याने हात धरला, मी ओढला. त्यालाही तेवढं लागेल असं वाटलं नसेल.

मग त्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? तो पाठ करून आला असावा, पहिली दोन वाक्यं सरळ बोलला. मग अडखळला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही कागद बघताय. मी चोवीस वर्षांचा होतो. मी तिला उचलून जिने उतरलोय. लिफ्ट बंद होती. ती बरी आहे असं सगळे म्हणत होते तेव्हाही. डॉक्टरसुद्धा. मला कोणावर विश्वास नाही." आणि तिथे, त्या सगळ्यांपुढे, रडायला लागला.

माझ्या पोटचा मुलगा माझ्याविरुद्ध बोलत होता आणि मला उठून त्याचं नाक पुसावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम. हे कोणाला सांगितलं तर खरं वाटेल का?

मग माझी पाळी. आजचा वार कोणता, घरात कोण कोण, दुधाचा भाव काय. मी सांगितलं. शेवटी विचारलं, "या वयात लग्न का करायचंय?"

मी याचं उत्तर तयार केलं होतं. सोबत, म्हातारपण, एकमेकांना आधार. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, "मॅडम, मला भीती वाटते. आज नाही, नेहमीच वाटते. ती कोणाला तरी सांगता यायला हवी. घरात सांगितली तर तिचा पुरावा होतो."

मॅडमनी लिहून घेतलं. म्हणाल्या, सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, अहवाल आला की निर्णय देईन.

बाहेर आल्यावर पाय घराकडे वळेनात. ग्लोरिया म्हणाली, "आमच्याकडं चल. भात हाय, आमटी हाय."

हे पत्र मी पाठवतेय. यातलीही एखादी ओळ तुम्हाला रंगवायची असेल तर रंगवा.

आई


पाचूबंदर
१२ मार्च

स्वप्ना,

तुझा मेसेज आला. चार महिन्यांनी.

"आई, मी इतक्या लांब. जिने उतरून धावत येता येत नाही मला. तू लिहिलंस आणि मी अख्खा दिवस कामावर तेच वाचत होते. सुमेध म्हणाला, ते पत्र दे, दवाखान्याचा कागद दे, मी थांबवतो. मी दिलं." हे मी दहा वेळा वाचलं. मला राग आला होता, अजून आहे. पण तू घाबरलीस हे कळलं. त्या दिवशीही तू विमानतळावरून थेट दवाखान्यात आलीस आणि माझ्या पायांशी बसून राहिलीस, मला आठवतं. फक्त एवढंच म्हणते, घाबरलीस तेव्हा मला फोन करायचा होतास, बाळा. सुमेधला नाही.

आता इकडचं. रुग्णालयात तपासणीला गेले त्या सकाळी काही न खाताच निघाले. बाकावर बसले होते. समोर एक बाई स्वतःशीच बोलत होती, तिचा नवरा तिचा हात धरून बसला होता. मला वाटलं, मी अशीच दिसत असेन. मग वाटलं, डॉक्टरांना कळू नये म्हणून हसू का? हसले तर जास्तच वेडी दिसेन. पळून जावं असंही वाटलं. बर्नार्ड दाराशी उभे होते, त्यांना ओलांडून जावं लागलं असतं, म्हणून राहिले.

डॉक्टर तरुण होता. मी ठरवलं होतं की थोडंच सांगायचं. सगळंच सांगितलं. तो दिवस, त्या गोळ्या, गॅसचं, सकाळी स्वतःला तपासण्याचं. मी विचारलं, "परत येईल का हो ते?" तो म्हणाला, "येऊ शकतं. ब्लडप्रेशरही परत वाढतं. वाटलं तर या, उशीर करू नका. पण त्याचा आणि तुमच्या होकाराचा काही संबंध नाही."

येऊ शकतं, हे तो तोंडावर म्हणाला. मी घरी येऊन आडवी झाले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही. ग्लोरिया तीनदा डोकावून गेली.

अहवाल गेला आणि काल निर्णय मिळाला. संमती देण्यास सक्षम. हरकत फेटाळली.

सुमेध आला होता. कार्यालयाच्या व्हरांड्यात भेटला. बारीक झालाय. त्या मुलीकडच्यांनी नकार कळवला, हे मला ग्लोरियाकडून कळलं होतं, त्याने सांगितलं नाही. मी म्हटलं, "चिडलास?"

"आई, मला झोप लागत नाही," तो म्हणाला. "आठ वर्षं झाली. तू पाच मिनिटं आवाज दिला नाहीस की माझं काळीज तोंडात येतं. तो माणूस बासष्टचा आहे. वेळ आली तर त्याला दार तोडता येईल?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

तो निघून गेला. पाठमोरा अगदी बाबांसारखा दिसतो.

अठ्ठावीस तारीख ठरली आहे. ग्लोरिया कुरकुरतेय, उपवासकाळात लग्न कसलं करता, ईस्टर तरी होऊ द्या. बर्नार्ड म्हणाले, "सरकारला उपास नसतो."

आई


पाचूबंदर
३० मार्च

स्वप्ना,

लग्न झालं.

अबोली रंगाची साडी नेसले, तू पहिल्या पगारात घेतलेली. तीन साक्षीदार लागतात. ग्लोरिया होती, जेनिफर होती. तिसरी यायची होती ती सोसायटीतली माझी मैत्रीण. तिचा सकाळी फोन आला, "आशा, सुमेधशी रोज तोंडाला तोंड पडतं गं, मला नको गुंतवूस." आता तिसरा आणायचा कुठून? आमच्या पुढच्या नंबरला एक जोडपं होतं, विशीतलं, मुलगी सारखी दाराकडे बघत होती. तिला बघून मी माझंच विसरले, विचारलं, "कोणी यायचंय का?" ती म्हणाली, "कोणी येऊ नये म्हणून बघतेय, काकू." त्यांच्याबरोबर आलेल्या मित्राने आमच्यासाठी सही केली. मग ग्लोरिया त्यांच्यासाठी थांबली, त्यांचंही एक माणूस कमीच होतं.

मीही दाराकडेच बघत होते. चपलांचा आवाज आला की वाटायचं, सुमेध. यावा असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही.

मॅडमनी वाक्य म्हणायला सांगितलं. मी, आशालता, तुम्हाला माझे कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. बर्नार्डनी त्यांचं म्हटलं, भरभर, बोटीवर हाक मारावी तसं मोठ्याने. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. पुन्हा उघडलं. नाही. सगळे माझ्याकडे बघताहेत. माझ्या मनात एकच, आता म्हणतील, बघा, हिला होकारसुद्धा देता येत नाही. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. घाई केली नाही. मी पाणी प्यायले आणि म्हटलं. हळू, पण सगळं.

सुमेध आला नाही.

संध्याकाळी बर्नार्डचा फोन वाजला. सुमेधचा. मी समोरच होते. ते नुसतं "हां... हां... बरं" करत होते. ठेवल्यावर म्हणाले, "तुजा पोर बोलला, ती गप्प झाली की जेवायला विसरते, ध्यान ठेवा. रिकाम्या पोटी चा देऊ नका. आनी बोलला, न्हानीची आतली कडी काढून टाका."

तुला यामागचं माहीत नसेल. त्या दिवसानंतर सुमेधने आपल्या घरातल्या बाथरूमची आतली कडी काढून टाकली होती. तोडलेलं दार बदललं, नवीन बसवलं, पण आत कडी बसवू दिली नाही. आठ वर्षं मी दार नुसतं लोटून आंघोळ केली. बाहेरून तो दर दोन-तीन मिनिटांनी विचारायचा, "आई, साबण आहे ना?" मी म्हणायचे, "आहे." साबण नेहमी असायचाच.

बर्नार्ड पेचकस घेऊन आले. दाराशी उभे राहिले. म्हणाले, "काढू?"

काढा म्हणावं असंही वाटलं, खरं सांगते. त्या डॉक्टरचं बोलणं आठवलं. येऊ शकतं. पेचकस धरलेला त्यांचा हात बघितला. त्यांनी तो उलटाच धरला होता. म्हटलं, "राहू दे."

"नक्की?"

"नक्की नाही. पण राहू दे."

मी आत गेले आणि कडी लावली. जुनी आहे, घट्ट. दोन्ही हातांनी ओढावी लागली. बादली भरली. बाहेर बर्नार्डनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, दाराजवळच. बसले असणार. काही विचारलं नाही त्यांनी. साबणाचं नाही, कशाचंच नाही.

स्वप्ना, मी पाणी संपेपर्यंत आंघोळ केली.

तुझी,
आई